कोरडं

सकाळी साडेसहा. भरती चढतेय, कानाला कळतं,
बघायला जात नाही मी.
खुराड्याची फळी वर उचलतो आणि बाजूला होतो,
कारण मामलेदारणीला वाट मोकळी लागते.
मागून टिकली, मग लंगडी, मग ती पिवळी,
शेवटी कोंबडा, जणू दार त्यानेच उघडलं.

आता माझं काम.
बोटीच्या तळाचे शिंपले जिने पंचवीस श्रावण खरवडले
तीच खरवडणी. मूठ तेवढी नवी, ऐनाची.
फळीवरची रात्रीची शिट आडवी ओढायची.
उभी ओढली तर फटीत जाते,
आणि फटीत गेलेलं चैत्रात पिसवा होऊन परत येतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
म्हणजे, शिकवलं. सांगतो.

पाठीचं ऑपरेशन झालं आणि जाळं ओढणं बंद झालं.
बोट पुतण्याने घेतली. नाव ठेवलं, रंग बदलला.
वैजयंतीने बचत गटातून पंधरा पिल्लं आणली,
टोपली माझ्यापुढे ठेवून म्हणाली,
घ्या, हे तुमचे खलाशी.

मी परसात खांब पुरले, वरून जुनं जाळं ताणलं, घारीसाठी.
खाली पुळणीवरची वाळू ओतली, बारा घमेली,
चाळलेली, मऊ, पायाच्या ओळखीची.
पिल्लं तिच्यात लोळली.
हर्णैत एवढं देखणं खुराडं दुसरं नव्हतं.

आठव्या दिवशी एक पिल्लू पंख पाडून बसलं.
मग तीन. शिट लाल.
अकरा पुरली मी माडाखाली, प्रत्येकाला वेगळा खड्डा.
एकच काढा हो, पाठ जाईल, ती म्हणाली.
ऐकलं नाही.

गुरांचे डॉक्टर आले दापोलीहून, कमी बोलणारे.
कोपऱ्यात उरलेल्या ढिगातली चिमूट घेतली,
जिभेला लावली, थुंकले.
तांडेल, म्हणाले, ही मिठाची.
हवेतलं पाणी ओढत राहणार.
ही कधी सुकायची नाही.

मी काय बोलणार?
चाळीस वर्षं ओलं सांभाळत आलो,
बर्फाखाली सुरमई, ओल्या पोत्याखाली कोळंबी.
ओलं तोवर ताजं, सुकलं की भाव पडला.
आणि इथे चार जीव उरलेले,
त्यांना हवं होतं कोरडं.

वाळू माडांच्या आळ्यांत गेली. माडाला मीठ चालतं.
आता गिरणीवरचं तूस, वर चुलीतली राख.
दर तिसऱ्या दिवशी मुठीत घेऊन आवळतो,
गोळा झाला तर काढ, सुटं पडलं तर राहू दे.
पावसात रोज.
पाण्याचं भांडं विटेवर, म्हणजे पायाने सांडत नाहीत.
सांडतातच.
दिवाळीआधी भिंतींना चुना, कोपऱ्यात निरगुडीचा पाला.
समुद्राचं एकच आत येऊ देतो,
कालवांची शिंपं, भाजून, कुटून,
अंड्याला कवच धरावं म्हणून.

हलीमाभाभी आधी कुंपणावरून नाकाला पदर लावून बोलायच्या,
आता घमेलं घेऊन येतात. मिरचीला खत द्या म्हणतात.
परवा पुतण्या आला, उभा राहून बघत होता.
काका, बोट पण एवढी साफ नव्हती तुमची.
म्हटलं, तिथे दोन बादल्या मारल्या की झालं.
इथे बादली मारता येत नाही.

जाळ्याला उगवतीकडे भोक पडलंय, मुंगुसाएवढं.
आज ते विणायचं. सुई चालते अजून, डोळा अडतो.
मी बसलो की पिवळी येऊन माझ्या सावलीत बसते,
नंतरची ती, टिकलीच्या अंड्यातली.
हिला नाव कधी ठेवणार, वैजयंती विचारते.
बघू, म्हणतो.
एक पावसाळा काढू दे.